चूल दीर्घ, चुलीवर ऱ्हस्व

गटाच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. घरात एक लेकरू पहिलीत, एक चौथीत, एक आठवीत. शुद्धलेखनाची तीन वेगळी पुस्तकं घ्यायची का? आणि त्यामागून दबक्या आवाजात दुसरा प्रश्न: आमचंच लिहिणं अशुद्ध, मग आम्ही काय शिकवणार? आज या दोन्ही प्रश्नांसाठी थोडं मागे जाऊन बघू.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत लहानमोठी मुलं एकाच ओसरीवर बसत. धूळपाटीवर, म्हणजे फळीवर पसरलेल्या धुळीवर, अक्षरं गिरवत. चुकलं की हात फिरवायचा, पुन्हा लिहायचं. तिकडे मद्रासला 1789 पासून अँड्र्यू बेल हे अनाथ मुलांची शाळा चालवत होते. गावातल्या शाळेत मुलं वाळूत बोटानं लिहिताना त्यांनी पाहिली आणि ती रीत उचलली. जोडीला मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, असं ठरवलं. 1797 मध्ये त्यांनी याचा अहवाल लंडनला छापला आणि ही 'मद्रास पद्धत' विलायतेतल्या शाळांत गेली. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकू शकतात, हे आपल्या मातीतच दिसलेलं आहे.

आता 'अशुद्ध' या शब्दाकडे येऊ. जुना पत्रव्यवहार आणि हिशोब मोडीत होत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळत नसत, तरी कारभार अडला नाही. छपाई वाढली तशी एकसारख्या लेखनाची गरज वाढली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला, दादोबा पांडुरंग यांचं व्याकरण 1836 मध्ये. आज आपण पाळतो ते नियम तर त्याहून बरेच अलीकडचे. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये शासनानं स्वीकारले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले गेले. त्याआधी 'नाहीं', 'पांच', 'कां' असं लिहीत. उच्चार होत नाही ते अनुस्वार या नियमांनी काढले. म्हणजे आजीच्या वहीतलं 'नाहीं' चूक नव्हे, ती त्या काळची रीत. नियम माणसांनी केले, माणसांनीच बदलले. त्यांची लाज वाटायचं कारण नाही, ते शिकून घेता येतात. सावित्रीबाईही लग्नानंतर जोतीरावांकडून लिहायला-वाचायला शिकल्या आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या.

मग निवडायचं काय? तीन पुस्तकं नकोत, एक पुरे. पुस्तक चाळताना दोन गोष्टी बघा. शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत का? आणि शब्दाला प्रत्यय लागला की वेलांटी-उकार कसा बदलतो, हे दाखवलंय का? नुसती अवघड शब्दांची यादी असेल तर ते ठेवून द्या.

एकच धडा तिघांना कसा पुरतो, ते स्वयंपाकघरात बघा. मीठ, पीठ, तूप, चूल, सून. या शब्दांत शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: मिठात, पिठात, तुपात, चुलीवर, सुनेला. पहिलीतल्या बाळानं परातीतल्या पिठावर बोटानं 'प' आणि 'प'ची बाराखडी गिरवावी. त्याला वेलांटीवरून रागवू नका. चौथीतल्यानं पीठ-पिठात अशा जोड्या लिहाव्यात. आठवीतल्या मुलीला पाच वाक्यं सांगा, ती ऐकून लिहील आणि मग धाकट्यांचं तपासेल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'गुण', 'विष' असे शब्द या नियमात बसत नाहीत, हेही तिनंच शोधून वेगळ्या पानावर टिपावं. शिकवता शिकवता तिचं स्वतःचं पक्कं होतं.

आणखी एक. मुलं घरात 'केलं', 'म्हटलं' म्हणतात, ते चूक नाही. नियमांतच सूट आहे: संवाद लिहिताना 'केलं' चालतं, इतर लेखनात 'केले' लिहायचं. म्हणून घरची बोली मोडू नका. कुठे काय लिहायचं, तेवढं सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातले असे दहा शब्द लिहून आणावेत. जिला लिहिता येत नाही, तिनं ते लेकीकडून लिहून घ्यावेत आणि स्वतः गिरवावेत. आपण सगळ्या मिळून तपासू.