येळ्ळूरचे रीळ

मासे गरवायचे रीळ बघायला मी बेळगावजवळच्या येळ्ळूरला गेलो, असे ऑफिसात सांगितले तेव्हा सगळे हसले. येळ्ळूर म्हटले की आपल्याला सीमाप्रश्न आठवतो. जुलै 2014 मधला तो फलक आणि त्यानंतरचा लाठीमार आठवतो. फार तर राजहंसगड आठवतो. समुद्र काही आठवत नाही. सह्याद्री चढून, चोर्ल्याचा घाट ओलांडून, अडीच हजार फुटांच्या आसपास वसलेल्या भातशेतीच्या गावात समुद्रावरचे रीळ कशाला असेल?

तर त्याची गोष्ट अशी. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने 1950 नंतर केव्हातरी पणजीत दोन रिळे विकत घेतली होती. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखी. पितळी सांगाडा, दोन्ही बाजूंना एबोनाइटच्या काळ्या चकत्या, शिंगासारख्या दिसणाऱ्या दोन मुठी, आणि आत पोलादाचा आस. बाजूवर इंग्रजी अक्षरे होती, पण ती माझ्या लहानपणीच पुसट झाली होती. पोर्तुगीज अमदानीत असल्या परदेशी चिजा आपल्याकडे बऱ्याच सहज मिळत, हे जुन्या मंडळींकडून सर्वांनीच ऐकले आहे. दोघे भाऊ सुटीच्या दिवशी बांबूच्या काठ्या आणि ही रिळे घेऊन शिरदोणच्या बाजूला तांबसो नि चोणक गरवायला बसत.

1955 साली धाकटे आजोबा गोवा सोडून गेले. सत्याग्रहाचे, धरपकडीचे ते वर्ष. बेळगाव तेव्हा गोव्याबाहेर पडलेल्या माणसांचे मोठे आश्रयस्थान होते. 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे गुप्त आकाशवाणी केंद्र वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवले, तेही याच घाटमाथ्यावरून. धाकटे आजोबा एवढे मोठे कोणी नव्हते. पत्रके वाटणारा एक तरुण, एवढीच त्यांची नोंद, आणि तीही घरातच. पळताना पिशवीत दोन धोतरे, एक पुस्तक आणि ते रीळ त्यांनी घेतले. रीळ का घेतले, हे त्यांना पुढे कोणी विचारले की ते म्हणत, हाताला लागले म्हणून. येळ्ळूरच्या एका शेतकरी कुटुंबाने त्यांना सहा वर्षे ठेवून घेतले. 19 डिसेंबर 1961 नंतर ते परत आले, तेव्हा रीळ त्या घरच्या मुलाला देऊन आले. तो मुलगा आज पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. त्यांनीच फोन करून मला बोलावले.

काकांनी माळ्यावरून लाकडी पेटी काढली. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले रीळ माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "फिरवून बगा." फिरवले. एक हलकी कुरकुर झाली आणि मग ते फिरतच राहिले. पितळ काळवंडले होते, पण कुठे खड्डा नव्हता. स्क्रूच्या खाचा धारदार होत्या. सत्तर वर्षांत त्याला तेल किती वेळा घातले, असे विचारले तर म्हणाले, "एकदा. खानापूरला मलप्रभेवर नेलं होतं तेव्हा. मासा काय मिळाला नाही."

आता दुसऱ्या रिळाबद्दल लिहिणे भाग आहे. ते गोव्यातच राहिले, आजोबांकडे. माझ्या लहानपणी ते कपाटाच्या वरच्या खणात असे. प्रत्येक वेळी वापरून झाले की आजोबा ते विहिरीच्या गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवत, सुट्या फडक्याने पुसत, रात्रभर वाऱ्यावर ठेवत आणि सकाळी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब आसावर सोडत. मला हे त्यांचे वेड वाटे. बारा-तेरा वर्षांचा असताना मी त्यांना न विचारता ते घेऊन गेलो, खाऱ्या पाण्यात दोनदा पाडले, आणि भीतीने तसेच ओल्या कापडात गुंडाळून परत खणात ठेवले. पुढे पावसाळा लागला. गणपतीच्या आधी आजोबांनी फडके उघडले, तेव्हा आस आणि पितळ एकजीव झाले होते. ते मला काही बोलले नाहीत. त्यानंतर ते गरवायलाही गेले नाहीत. पायांचे कारण सांगत.

एकाच दिवशी जन्मलेली ही जुळी भावंडे. एक घाटावर गेले, एक खाली राहिले. असा प्रयोग कोणी मुद्दाम करायचा म्हटले तरी सत्तर वर्षे थांबेल कोण?

मीठ लोखंडाला खाते असे आपण म्हणतो, पण कोरडे मीठ लोखंडाला फारसे काही करत नाही. करते ते त्याने धरून ठेवलेले पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात बहुतांश आपले नेहमीचे मीठ, आणि काही भाग मॅग्नेशियम क्लोराइडचा. साधे मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतल्या खड्याच्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र 33 टक्के आर्द्रताही पुरते. गोव्यात इतकी कोरडी हवा मिळणे कठीणच. म्हणजे खाऱ्या पाण्यात भिजलेले रीळ डोळ्यांना वाळलेले दिसले, तरी त्याच्या फटींतून बारा महिने एक न दिसणारी ओल असते. ती विजेची उत्तम वाहक. पोलाद आणि पितळ एकमेकांना टेकलेले असतील तर त्या ओलीत त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि पोलाद झिजते. पितळही सुटत नाही. त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबीसर, स्पंजासारखे तांबे उरते. आजोबांच्या रिळावर तसे डाग होते. आम्हाला वाटे, पितळ घासून चकाकले.

समुद्राच्या तुषारांतून उडालेले मीठ वाऱ्याबरोबर फार लांब जात नाही. बरेचसे किनाऱ्यापासून पहिल्या एक-दोन किलोमीटरांतच खाली बसते. येळ्ळूरला पाऊस भरपूर पडतो, हवाही पावसाळ्यात दमट असते. पण त्या दमटपणात मीठ नाही. सगळा फरक तेवढाच.

गंमत म्हणजे मीठ येळ्ळूरच्या परिसरात गोव्यातूनच जात असे, पण बैलांच्या पाठीवरून. आपल्या आगरांतले मीठ लमाणांचे तांडे घाट चढवून नेत आणि उतरताना धान्य आणत. हा व्यापार मोडला तो 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने. मार्मागोवा बंदर आणि रेल्वे यांचे स्वप्न त्या तहात होते, पण त्याची किंमत म्हणून गोव्याच्या मिठाचे नियंत्रण इंग्रजांकडे गेले. 1880 ते 1892 अशी बारा वर्षे तो तह चालला. एवढ्यात कितीतरी आगरे पडीक झाली. तह संपला तरी जुना व्यापार पूर्ववत झाला नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. असो.

खाऱ्या पाण्याशी आपल्या किनाऱ्याने वैर धरलेच नव्हते, ही गोष्ट मला या निमित्ताने नीट समजली. जुनी होडी काथ्याच्या दोरीने शिवलेली असे. फळीला फळी लावायची, भोके पाडायची, काथ्या ओढून आवळायचा. खिळा नाही म्हणून गंज नाही. नारळाचे सोडण तर मुळात खाऱ्या पाण्यातच कुजवून काथ्या काढतात, मग ते पाणी त्याला काय करणार? मार्को पोलोने अशी शिवलेली जहाजे पाहून नाक मुरडले होते, याला खिळे कसे नाहीत म्हणून. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेले 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. ते बांधले गेले आपल्या गोव्यातच, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली. जाळ्यांचेही तसेच. सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून काढत, म्हणजे ती लवकर कुजत नसत. जाळ्याला बुडी म्हणून शिसे, कारण शिसे समुद्रात टिकते. लोखंडाची एकच वस्तू कोळ्याकडे हटकून असे, ती म्हणजे गरी. तिला कल्हई केलेली असे, आणि ती गंजणार हे गृहीतच असे. गरी टिकवायची नसते, बदलायची असते.

टिकवायचा हट्ट आला तो इंग्रजी रिळाबरोबर. हे यंत्र मुळात गोड्या पाण्यातले. हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 साली मंगळूरला छापले गेले. समुद्राकाठी छापलेल्या या पुस्तकाचा नायक मात्र डोंगरी नद्यांमधला महसीर मासा आहे. बेळगावच्या छावणीतल्या साहेबांना ते सोयीचे होते. रीळ खाडीवर आणले ते आपल्यासारख्यांनी, आणि तिथे ते कच्चे पडले.

दोन धातूंचे हे भांडण इंग्रजांना मात्र त्याआधी शंभर वर्षे ठाऊक होते. 1761 साली त्यांनी 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकडाला कीड लागू नये म्हणून. दोन वर्षांनी पाहतात तो पत्रा शाबूत, पण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे विरघळल्यासारखे झालेले. काही खिळे मात्र धडधाकट होते. पत्रा ज्या खाकी कागदात गुंडाळून आला होता, तो कागद तिथे चुकून मध्ये राहिला होता! 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने याचा उलटा उपयोग केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडायचा, म्हणजे तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. तांबे वाचलेही, पण मग त्यावर शेवाळ नि शिंपले चढून जहाजे मंदावली, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते. आज आपल्या ट्रॉलरच्या तळाला जस्ताचे ठोकळे दिसतात, ते डेव्हीचेच देणे. स्टेनलेस पोलाद 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीच्या हाती लागले, आणि पुढे रिळांच्या आत हळूहळू तेच आले. सुताच्या दोरीच्या जागी नायलॉनचा तंगूस आला. तंगूस गंजत नाही, उन्हाने मात्र ठिसूळ होतो. आताच्या रिळांत ॲल्युमिनियम, पोलाद, पितळ असे सगळे एकत्र नांदतात. त्यामुळे 'सॉल्टवॉटर' असे खोक्यावर छापलेले रीळही न धुता ठेवले की दोन हंगामांत अडकते. गोड्या पाण्याची बादली काही चुकली नाही. पण धुवायचे तेही जोराच्या नळाखाली नाही, नाहीतर मीठ आतल्या बेअरिंगात ढकलले जाते. हलके बुडवायचे, वाळवायचे, मग तेल. आजोबांना हे कोणी शिकवले होते कोण जाणे.

दुपारी काका मला राजहंसगडावर घेऊन गेले. तिथला शिवरायांचा पुतळा मार्च 2023 मध्ये उभा राहिला. त्याची उद्घाटने दोन झाली, दोन पक्षांची, तीन दिवसांच्या अंतराने. त्याच वर्षी 4 डिसेंबरला मालवणच्या राजकोटावर दुसरा पुतळा उभा राहिला, अगदी लाटांसमोर. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. सहाच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याने लेखी कळवले होते की पुतळ्याचे नट-बोल्ट पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने गंजत आहेत. चौकशीतही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग हीच कारणे पुढे आली. मी स्वतः फायली पुढे सरकवणारा माणूस आहे. ते पत्र त्या सहा दिवसांत कुठल्या टेबलावर असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आले आणि गडावर वारा असूनही मला घाम फुटला. मे 2025 मध्ये तिथे नवा, मोठा पुतळा उभा राहिला. ज्या राजाने त्याच मालवणात पाण्यात सिंधुदुर्ग बांधला आणि ज्याच्या पायात शिसे ओतल्याची आठवण आजही सांगतात, त्याच्या पुतळ्याला नट-बोल्ट दगा देतात, यावर काका काही बोलले नाहीत. मीही नाही.

परतताना काकांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "तुमच्या आजोबांचं आहे, घेऊन जावा." मी पेटी घेतलीही. गाडीपर्यंत गेलो. माझा फ्लॅट मांडवीकाठी आहे. खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो, पंख्याच्या जाळीवर तांबेरा चढतो, आणि कपाटाच्या वरच्या खणात ते दुसरे रीळ अजून आहे, न फिरणारे. थोडा वेळ उभा राहिलो आणि पेटी परत नेऊन दिली. म्हटले, हे इथेच राहू द्या, मी येऊन बघत जाईन.

काकांना ते पटले की नाही, कळले नाही. त्यांनी पेटी माळ्यावर चढवली, गाडीत घरच्या तांदळाची पिशवी ठेवली आणि काच खाली करायला लावून म्हणाले, "पुढच्या खेपेला येताना मीठ आणा. आगरातलं, खड्याचं. हितलं काय चवीला लागत नाही."