गोदावरीचे दोन काठ, दोन दप्तरे

पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे, आणि चांगदेव म्हटले की कोरे पत्र आठवतेच. ज्ञानदेव वयाने लहान. त्यांना ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थरूप’, हा पेच न सुटल्याने चौदाशे वर्षांच्या योग्याने कोराच कागद पाठवला, अशी कथा सांगतात. योग्याचे वय ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मोजावे. मला लक्षवेधी वाटते ते ज्ञानदेवांचे उत्तर. ते पासष्ट ओव्यांचे आणि मराठीत आहे. पंडिताला पंडिताने लिहायचे तर संस्कृत हाताशी होते आणि प्रतिष्ठेचेही होते. पुणतांब्याच्याच जिल्ह्यात नेवाशाला 1290 मध्ये त्यांची गीतेवरची टीकाही मराठीत झाली. महानुभावांच्या नागदेवाचार्यांनीही संस्कृतात ग्रंथ लिहू नयेत, चक्रधरांच्या साध्याभोळ्या शिष्यिणी त्याला मुकतील, असे बजावले. यांपैकी कोणीही संस्कृतचा द्वेष्टा नव्हता. ज्ञानदेव तर संस्कृतावरच वाढले होते. दुसरी भाषा शिकून मिळवलेले धन त्यांनी घरच्या भाषेत उतरवले. परभाषा शिकण्याला उत्तेजन देणाऱ्या कुठल्याही धोरणाची कसोटी मला इथेच सापडते. किती भाषा शिकवल्या हे मोजण्याआधी शिकलेले कोणाच्या भाषेत परत आले, हे पाहावे.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीत दरबारची भाषा फारसी होती. ती गावच्या पाटलावर किंवा कुळावर कोणी शाळा घालून लादली नाही, तशी सोयही नव्हती. फर्मान फारसीत निघे, पण गावापर्यंत व्यवहार पोचायचा तो मराठीतून. दोन्ही भाषांत लिहिलेले त्या काळातले कागद आजही आढळतात. दोन्ही लिहू शकणाऱ्याला पोटापाण्याचे काम होते, म्हणून तो फारसी शिकला. बाकीच्यांच्या वाट्याला नुसते शब्द आले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ‘पेशवा’ला ‘पंतप्रधान’ मिळाला, तरी गादी चालली ती पेशव्यांचीच. 1 जून 2017 रोजी पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हाची मुख्य मागणी तरी कोणत्या शब्दांत होती? कर्ज अरबी, माफी अरबी, आणि ज्याच्याकडे मागायची ते सरकार फारसी. (गंमत अशी की चांगदेवांच्या गावाला यावेळी सातबारा कोरा हवा होता.) माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, यावरून हा गुंता कळावा. फारसी तलवारीच्या जोरावर आली, तिचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. कौतुक राज्याचे नाहीच. दोन भाषांमध्ये उभे राहून पोट भरता येत होते, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

खरा धडा मात्र 1818 नंतरचा. पुणतांब्याच्या समोर, गोदावरीपलीकडे वैजापूर तालुका लागतो. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर अलीकडचा काठ मुंबई इलाख्यात. बोली दोन्हीकडे तीच. दप्तराची भाषा मात्र वेगळी. इकडे शिक्षणाच्या भाषेवरून काही काळ खडाजंगी झाली. पेशवाईत श्रावणात विद्वानांना मिळणारी दक्षिणा इंग्रजांनी चालू ठेवली होती. तिचा एक भाग मराठी ग्रंथांसाठी द्यावा, असा अर्ज 1849 मध्ये पुण्यातल्या तरुणांनी केला. लोकहितवादी त्यांत होते. 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. राज्याचा पैसा इंग्रजी आणि संस्कृत जाणणाऱ्यांकडे गेला, पण मराठीत लिहिण्याच्या बोलीवर. त्याआधी मुंबईच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने भांडले होते. शंकरशेटांनी 1847 मध्ये मांडलेले म्हणणे इंग्रजीविरोधी नव्हते. सर्वसामान्यांपर्यंत विद्या जायची तर ती त्यांच्या भाषेतूनच जाईल, असे होते. उच्च शिक्षणात पेरींचा पक्ष जिंकला. तरी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 लाच छापून झाला होता, म्हणजे परक्याला मराठी शिकायला लावणारे साधन इंग्रजी शाळांचा सुळसुळाट होण्याआधीच हाती होते.

पलीकडच्या काठावर काय घडले? हैदराबादने 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ काढले. माध्यम उर्दू. वैद्यक, विज्ञान, कायदा यांची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतरखाते नेमले. देशी भाषेतून विद्यापीठ चालवून दाखवण्याचे हे धाडस इंग्रजी मुलखातल्या सरकारी विद्यापीठांना साधले नव्हते, आणि त्याची दाद द्यायलाच हवी. पण वैजापूरच्या मुलाच्या घरी उर्दू नव्हती. भाषांतर झाले, ते त्याच्या दारावरून पुढे निघून गेले. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपेपर्यंत त्याला सरकारदरबारी पोचायला परभाषा लागत होती आणि तिथून परत येताना हाती मराठीत काही नव्हते.

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून 2025 कडे पाहावे. 16 एप्रिलच्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली, 17 जूनला शब्द सौम्य झाले, 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. लहान वयात भाषा लवकर येते, हा सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. पण लवकर येते ती कानावर पडणारी, व्यवहारात लागणारी भाषा. पुणतांब्याहून फुटणाऱ्या रेल्वेफाट्याने चेन्नई आणि काकीनाड्याच्या गाड्या शिर्डीला जातात, आणि शिर्डीतला दुकानदार कामापुरती तेलुगू बोलतो, ती त्याला कुठल्या परिपत्रकाने शिकवलेली नाही. मग सगळे बाजारावरच सोडावे का? तेही पटत नाही. बाजार भावापुरती तेलुगू शिकवील, तेलुगू कादंबरी मराठीत आणणारा माणूस घडवणार नाही; तिथे दक्षिणा प्राइझ कमिटीसारखा सरकारी पैसाच लागतो. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात माध्यमिक वर्गांसाठी कोरियन, जपानी, थाई, जर्मन, रशियन अशा परभाषांची नावे आहेत. त्या शिकून आलेल्यांनी मराठीत काय आणावे आणि त्याचा मोबदला कोण देईल, याची तजवीज मात्र अजून कुठे दिसत नाही.

अशी तजवीज नसली की काय होते, ते पलीकडच्या काठाने दाखवले. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा दप्तरांचे जुने रुमाल सोडावे लागले. आतले कागद मोडीत होते, उर्दूत होते. पणतूला कुणबी दाखला मिळणे पणजोबाच्या एका ओळीवर अडले होते आणि ती ओळ वाचू शकणारा माणूस शोधावा लागत होता.