तळटीप : गाडीच्या रेडिओचा संकेतांक

* येथे ‘संकेतांक’ म्हणजे कारखान्यातूनच बसवून आलेल्या रेडिओला चोरीपासून संरक्षणासाठी दिलेला चार आकडी गुप्त क्रमांक होय. मराठवाड्यातच, शेंद्रा येथे, २००१ पासून जुळणी होऊ लागलेल्या स्कोडा ऑक्टेव्हियाच्या रेडिओंत ही सोय आढळते. बॅटरीची तार सुटली की असा रेडिओ पडद्यावर ‘सेफ’ हा शब्द दाखवून मुका होतो, आणि क्रमांक वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये साठवलेला असल्याने तार काढून तो पुसता येत नाही. दोनदा चुकीचा क्रमांक दिल्यास सुमारे तासभर थांबावे लागते. म्हणून धाराशिवसारख्या, कंपनीच्या मोठ्या केंद्रांपासून दूरच्या गावी बॅटरी बदलण्यापूर्वी रेडिओच्या पुस्तिकेतील क्रमांकाचे कार्ड शोधून ठेवणे अत्यावश्यक ठरते, आणि जुनी गाडी विकताना ते नव्या मालकास न देणे हा त्याच्यावर अन्यायच होय.