बौद्ध विवाह आणि नवरा-बायकोची बरोबरी

आपल्या विहारात लग्न लागते ते अर्ध्या तासाच्या आत. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार, त्रिशरण-पंचशील, वर-वधूच्या प्रतिज्ञा, मंगल गाथा, फुलांचा वर्षाव, की मंडळी पंगतीकडे वळतात. हा विधी साधा दिसतो खरा, पण इथवर यायला आपल्या माणसांना शंभर वर्षे झगडावे लागले. पोराबाळांना ते ठाऊक असावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने भटजीवाचून पहिले लग्न लावले. जोतीरावांनी पुढे जी मंगलाष्टके रचली, त्यांत नवरी मुकी उभी राहत नाही. ती नवऱ्याकडे बायकांचे हक्क मागते आणि त्याला चार लोकांसमोर उत्तर द्यावे लागते. पुढे २५ डिसेंबर याच तारखेला, १९२७ साली, महाडला मनुस्मृती जाळली गेली. बाईने आयुष्यभर बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात राहावे असे सांगणारे ते पुस्तक.

त्या काळी जोडीदार निवडणे हा शब्दच नव्हता. खुद्द बाबासाहेबांचे लग्न १९०६ च्या सुमारास झाले ते रात्री भायखळ्याच्या बाजारात. बाजार उठल्यावर मिळालेली मोकळी जागा हाच मांडव. त्यांचे वय चौदा-पंधरा, माता रमाईचे नऊच्या आसपास. काही मुलींच्या नशिबी तर नवरा म्हणून माणूससुद्धा नसे. त्या देवाला वाहिल्या जात, मुरळी नाहीतर जोगतीण होत. १९३६ साली मुंबईत या भगिनींसमोर बाबासाहेब बोलले आणि ते जिणे टाका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस २० जुलै १९४२ चा. त्या दिवशी नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे. परिषदेने काडीमोडीचा हक्क आणि एकापेक्षा जास्त बायका करण्यास बंदी, असे ठरावही केले. आता कुणी म्हणेल, आपल्यात पाट आणि काडीमोड होतेच की! होते. पण ते पंचांच्या मर्जीवर. पंच सगळे पुरुष. बायांना कायदा हवा होता, मेहेरबानी नको होती.

तो कायदा आणण्यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ चा विवाह कायदा झाला. नावात हिंदू असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. पहिली बायको नांदत असताना दुसरी करता येत नाही, ती या कायद्याने. मुलीचे वय त्यात १५ होते, ते १९७८ साली १८ झाले. मुलाचे १८ चे २१.

धम्मदीक्षा झाल्यावर लोकांपुढे प्रश्न आला, आता लग्न लावायचे कसे? ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात रीत लिहून दिली. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मडके, त्यात सुती धागा, एक टोक वराच्या हाती, दुसरे वधूच्या. दोघांची वस्त्रे पांढरी. कुणीतरी मंगल सुत्त म्हणावे, झाले. कन्यादान यात कुठेच नाही. दोन माणसे एकाच धाग्याची दोन टोके धरून उभी.

प्रतिज्ञा आल्या त्या सिगालोवाद सुत्तातून. त्यात नवऱ्याची पाच कर्तव्ये आहेत : पत्नीचा सन्मान, तिचा अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, चौथे 'इस्सरियवोस्सग्ग' आणि पाचवे अलंकार देणे. या चौथ्याचा अर्थ आपल्याकडे बरेचदा 'ऐश्वर्य देईन' असा लावतात आणि मंडळींना वाटते पैसाअडका. पालीत इस्सरिय म्हणजे सत्ता, अधिकार. वोस्सग्ग म्हणजे तो सोडून देणे. घरातला कारभार बायकोच्या हाती सोपवणे. बायकोच्या पाच कर्तव्यांत घरकाम नीट पाहणे आहे, मिळवलेले सांभाळणे आहे, हे खरे. सुत्त अडीच हजार वर्षांपूर्वीच्या घराला उद्देशून आहे. पण तेव्हासुद्धा पुरुषाला आधी पाच देणी सांगितली, हे विसरून चालणार नाही.

आता मुली पदवीधर आहेत, नोकरी करतात. तरी वधू-वर मेळाव्यात परिचयपत्र हाती येते तेव्हा त्यात पोटजातीचा रकाना असतो! सोमवंशी, लाडवण, बावणे. ज्यांनी १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असे लिहून ठेवले, त्यांच्याच प्रतिमेखाली हा रकाना भरला जातो. हुंड्याला १९६१ पासून बंदी आहे. आपण त्याला 'मुलीच्या संसाराला हातभार' म्हणतो. आणि मुलाला विचारतात पगार किती, मुलीला विचारतात पगार किती आणि स्वयंपाक येतो का.

विहारात प्रतिज्ञा वदवून घेणाऱ्या बौद्धाचार्यांना आमची एक विनंती आहे. चौथ्या प्रतिज्ञेपाशी थोडे थांबावे, इस्सरियाचा अर्थ मराठीत सांगावा, आणि नवरदेवाने तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावा.