टॉवर बदलला, काम कुठे गेले?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पिंपळखुटीला येतो आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. या वाटेवर बसमध्ये फोनवर बोलणाऱ्याचा टॉवर कितीदा तरी बदलतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पैनगंगेपाशी मात्र चालू फोन कट होऊ शकतो, कारण तिथे दूरसंचाराचे महाराष्ट्र सर्कल संपते आणि आंध्र प्रदेश सर्कल सुरू होते. जिथे बोलणे तुटत नाही, तिथे ते न तुटण्यासाठी कोणीतरी डोके लढवले आहे. त्या सोयीचे नाव हँडओव्हर.

1946 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गाडीतला टेलिफोन सुरू झाला, तेव्हा वाहिन्या मोजक्याच होत्या. थोडी माणसे बोलू लागली की बाकीच्यांनी थांबायचे. पुढच्याच वर्षी बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एका टिपणात उपाय सुचवला: प्रदेशाचे लहान तुकडे पाडा, प्रत्येकाला आपला टॉवर द्या आणि त्याच लहरी दूरच्या तुकड्यात पुन्हा वापरा. पण गाडी एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली की चालू बोलण्याचे काय? याचे उत्तर बेल लॅब्जच्याच एमॉस जोएल यांनी दिले आणि 1972 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. जोएल हे टेलिफोन एक्स्चेंजचे जाणकार. बोलणाऱ्याला कळू न देता चालू फोनची जोडणी एका टॉवरवरून दुसऱ्यावर फिरवायची, हा विचार एक्स्चेंजवाल्याला सुचावा हे मला फार अर्थपूर्ण वाटते. लहरींइतकीच ती जोडणीची करामत आहे.

आजही मूळ रीत तीच. फोन आसपासच्या टॉवरांची ताकद मोजतो आणि नेटवर्कला कळवत राहतो. शेजारचा टॉवर जरा सरस दिसला म्हणून लगेच उडी मारायची नाही. तो ठरावीक फरकाने आणि ठरावीक वेळ सरस राहिला पाहिजे, नाहीतर दोन टॉवरांच्या मधोमध असलेला फोन सारखे हेलपाटे घालत बसेल. अभियंते या हेलपाट्यांना पिंगपाँग म्हणतात. सीडीएमए फोनांत काही क्षण दोन्ही टॉवर एकदम धरलेले असत. गावच्या पालखीला नवा माणूस खांदा लावतो आणि मगच जुना बाजूला होतो, तसे. 4जीमध्ये साधारणतः जुने सोडून मग नवे धरले जाते, पण मधला खंड इतका छोटा की कानाला कळत नाही.

बोलण्याचे हे असे निभले. इंटरनेटचे काम मात्र अवघड निघाले, कारण त्याला स्मरण असते. तुम्ही कुठवर आलात, काय भरले, काय उरले, हे दूरच्या सर्व्हरला माहीत असते. 1996 साली मोबाइल आयपीचा नियम आला. त्यात फोनचा मूळ पत्ता कायम ठेवून तिथे आलेल्या माहितीची टपालासारखी पाठवणी नव्या जागी होते. पत्ता टिकला, पण फोन दूर गेला की पाठवणीचे अंतर वाढतच गेले.

दुसरी वाट आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या महादेव सत्यनारायणन यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पाडली. 1987 पासून त्यांनी घडवलेल्या कोडा या फाइल-व्यवस्थेचा विचार साधा आहे: जोडणी तुटणारच, हे धरून चाला. लागणाऱ्या फाइली आधीच जवळ साठवा, तुटल्या काळात काम करत राहा, जोडणी आली की मेळ घाला. महाराष्ट्रात 2021 पासून शेतकऱ्यांच्या हाती असलेल्या ई-पीक पाहणी ॲपमध्येही हाच विचार दिसतो. वावरात रेंज नसली तर कपाशीचा फोटो आणि नोंद फोनमध्ये ठेवायची, रेंजमध्ये आल्यावर चढवायची. झरी-जामणीच्या शेतकऱ्याला पिट्सबर्गचे नाव माहीत असण्याचे कारण नाही, पण त्याची सोय त्या घराण्यातली आहे.

2009 साली सत्यनारायणन यांनी व्हिक्टर बहल, रामोन कासेरेस आणि नायजेल डेव्हिस यांच्यासह क्लाउडलेटची कल्पना मांडली. दूरच्या मोठ्या संगणक-केंद्राचा एक छोटा भाऊ फोनच्या शेजारी, एका टप्प्यावर बसवायचा. एज कंप्युटिंगचे, म्हणजे संगणक वापरणाऱ्याजवळ आणण्याचे, हे एक मोठे मूळ. जवळ आणण्याचे कारण निव्वळ भौतिकशास्त्राचे आहे: काचतंतूत प्रकाशाला किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. यवतमाळ ते मुंबई सुमारे 650 किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन साडेसहा मिलिसेकंद नुसत्या वाटेतच जातात. आणि तारा सरळ रेषेत नसतात, मध्ये थांबेही असतात.

पण संगणक जवळ आणला की जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. माणूस पुढे गेला, सर्व्हर मागे राहिला. आता जोडणीबरोबर चालू कामाचे सगळे स्मरणही पुढच्या सर्व्हरकडे न्यायचे. ते अवजड असते. कार्नेगी मेलनच्याच गटाने 2017 मध्ये दाखवले की पुढच्या सर्व्हरकडे आधीपासून असलेला पाया वगळून फक्त बदललेला भाग, तोही दाबून, पाठवला तर ही हलवाहलव बरीच लवकर उरकते. युरोपातल्या एटसी संस्थेने 2014 पासून या क्षेत्राचे मानक घडवले. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या 3जीपीपीच्या रिलीज 17 मध्ये, 2022 साली, चालू कामाचा संदर्भ एका एज सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची रीत लिहून ठेवली गेली. जोएल यांनी आवाजासाठी केले, ते पन्नास वर्षांनी कामासाठी झाले.

भारतात 5जी 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाले. एज सर्व्हर कुठे बसवायचे, हा आता कंपन्यांच्या हिशेबाचा प्रश्न आहे आणि हिशेब गर्दीकडे झुकतो. पण हँडओव्हरची खरी गरज तुरळक वस्तीच्या लांब रस्त्यावर असते. पांढरकवड्याहून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे 70 किलोमीटर. 2017 च्या कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेत जिल्ह्यातले कितीतरी शेतकरी आणि मजूर त्याच रुग्णालयात आणले गेले. 108 च्या रुग्णवाहिकेतून रुग्णाच्या हृदयाचा आलेख डॉक्टरांना वाटेतच दिसत राहावा, असे वाटत असेल, तर मधल्या प्रत्येक टॉवरबदलात तो आलेख तुटता कामा नये. सेवा 'सुरळीत' आहे की नाही, याची मोजणी मुंबई-पुण्यात करून भागणार नाही. दूरसंचार खात्याने आणि कंपन्यांनी ती झरी, मारेगाव, पांढरकवडा ते यवतमाळ या रस्त्यांवर, चालत्या गाडीत करावी आणि आकडे तालुकावार लोकांपुढे ठेवावेत.