सत्तेवर दावा : एका अमेरिकन कलमाची कुळकथा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या गावच्या नगरपालिकेने, शाळामंडळाने किंवा पोलीस अंमलदाराने नागरिकाचा घटनादत्त हक्क पायदळी तुडविला, तर त्याला सरकारी वकिलाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. तो स्वतः वादी होतो, सत्तेला प्रतिवादी करून मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयात खेचतो आणि तिच्याविरुद्ध मनाई हुकूम अथवा नुकसानभरपाई मागतो. ज्या कलमाच्या आधारे हे दावे चालतात त्याला तेथील वकीलवर्ग १९८३ या नुसत्या क्रमांकाने ओळखतो. हा इसवी सन नव्हे, कायद्यांच्या संहितेतील अनुक्रमांक होय. कलमाचे वय त्याहून पुष्कळ अधिक आहे, कारण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची त्यावर सही झाली ती २० एप्रिल १८७१ रोजी.

यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली होती आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याच्या समान संरक्षणाची ग्वाही सर्वांना दिली होती. तरीही दक्षिणेकडील राज्यांत कू क्लक्स क्लानच्या बुरखेधारी टोळ्या रात्री कृष्णवर्णीयांची घरे जाळीत, त्यांना फटके मारीत, त्यांचे खून पाडीत, आणि फिर्याद न्यावी तर तेथील शेरीफ, पंच व न्यायाधीश एक तर त्या टोळ्यांना सामील असत किंवा त्यांच्या धाकाखाली वावरत असत. कायदा पुस्तकात होता, अंमल मात्र क्लानचा होता. अशा वेळी ओहायोचे प्रतिनिधी सॅम्युअल शेलाबार्गर यांनी मांडलेल्या विधेयकाच्या पहिल्याच कलमात असे म्हटले होते की, राज्याचा कायदा, ठराव, नियम, रूढी किंवा वहिवाट यांच्या नावाखाली जी कोणी व्यक्ती दुसऱ्याचा घटनादत्त हक्क हिरावून घेईल, ती त्या दुसऱ्यास दिवाणी दाव्यात उत्तरदायी राहील. सभागृहातला खरा गदारोळ इतर कलमांवर झाला. हे कलम जवळजवळ विनातक्रार संमत झाले.

त्यातील रूढीचा उल्लेख फार मोलाचा आहे. तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आला. १९३० साली गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना ठेवताना डॉ. आंबेडकरांनी आधार म्हणून जे कायदे नमूद केले, त्यांत ९ एप्रिल १८६६ चा हाच अमेरिकन कायदा होता. ज्याने गावचा पाणवठा पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही की, माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्यास लेखी हुकूम लागतोच असे नाही, वहिवाट पुरते.

पण जन्मतःच पूर्ण असलेले हे कलम पुढे जवळजवळ निपचित पडून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ आकसत नेला, १८८३ मध्ये तर १८७५ च्या नागरी हक्क कायद्याची मुख्य कलमेच रद्दबातल ठरविली, आणि १८७१ पासूनच्या पहिल्या पन्नास वर्षांत या कलमाखाली निकाली निघालेले दावे मोजून एकवीस भरले. त्या एकवीसांतला एक मात्र विसरता येण्याजोगा नाही. मेरीलँडच्या विधिमंडळाने १९०८ साली अ‍ॅनापोलिस शहराच्या निवडणुकांसाठी असा नियम केला की, पाचशे डॉलर किमतीची मालमत्ता असणारे, परदेशातून येऊन नागरिक झालेले व त्यांचे पुत्र, आणि १ जानेवारी १८६८ पूर्वी ज्यांना मताधिकार होता ते व त्यांचे वंशज, एवढ्यांनीच मत द्यावे. कृष्णवर्णीयांना त्या तारखेपूर्वी मेरीलँडात मताधिकार नव्हताच. तेव्हा रंगाचा उच्चारही न करता रंगाचा बंदोबस्त झाला. मतदारयादीत नाव नाकारल्या गेलेल्या तिघांनी नोंदणी अंमलदारांवरच व्यक्तिशः नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलदारांना जबाबदार धरले. कायद्याने सांगितले म्हणून केले, हा बचाव चालला नाही. पुढे टेक्सासात एल पासोच्या एका कृष्णवर्णीय डॉक्टराने याच मार्गाने १९२७ साली पक्षांतर्गत निवडणुकीतील मताचा हक्क सिद्ध केला, आणि कॅन्ससमधील टोपीकाच्या पालकांनी शाळामंडळावर गुदरलेला दावा शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या सुप्रसिद्ध निकालापर्यंत पोहोचला.

मात्र अंमलदाराने खुद्द आपल्या राज्याचा कायदा मोडून जुलूम केला, तर तो सत्तेच्या नावाखाली केला म्हणावयाचा की नाही, हा प्रश्न लोंबकळतच होता. २९ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे शिकागोचे तेरा पोलीस वॉरंटाशिवाय दार फोडून मनरो नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात शिरले, नवराबायकोला अंथरुणातून उठवून विवस्त्र अवस्थेत दिवाणखान्यात उभे केले, खण उपसले, गाद्या फाडल्या, आणि गृहस्थास ठाण्यावर नेऊन दहा तास डांबून ठेवले. ना मॅजिस्ट्रेटपुढे नेले, ना वकिलाशी बोलू दिले, ना शेवटी काही आरोप ठेवला. १९६१ मध्ये न्यायमूर्ती डग्लस यांनी निकाल दिला की, अधिकाराचा दुरुपयोग हाही अधिकाराच्याच नावाखाली केलेला अन्याय होय, आणि त्यासाठी आधी राज्याच्या न्यायालयाची पायरी चढण्याची गरज नाही. तिथून या दाव्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली.

त्याच निकालाने शिकागो शहराला मात्र मोकळे सोडले. १८७१ मध्ये सिनेटर जॉन शेर्मन यांनी दंगलीची भरपाई शहरांवर व परगण्यांवर लादणारी दुरुस्ती सुचविली होती, ती प्रतिनिधिगृहाने फेटाळली. त्यावरून न्यायालयाने असे अनुमान काढले की, कलमातील ‘व्यक्ती’त नगरपालिका येत नाही. सतरा वर्षे हे अनुमान कायम राहिले. न्यूयॉर्क शहराने आपल्या गरोदर कर्मचारी स्त्रियांना वैद्यकीय गरज नसतानाही बिनपगारी रजेवर पाठविण्याचे धोरण ठेवले होते. त्याविरुद्ध त्यांनी १९७१ साली दावा गुदरला, आणि दावा चालू असतानाच धोरण बदलल्यामुळे बुडालेल्या पगाराचाच प्रश्न उरला. पगार द्यावयाचा तो शहराने, आणि शहर तर ‘व्यक्ती’ नव्हे! ६ जून १९७८ रोजी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १८७१ च्या चर्चा पुन्हा तपासून आधीचे वाचन चुकीचे ठरविले व शहरांना उत्तरदायी केले. न्यायालयाने आपलाच निकाल इतक्या स्वच्छपणे मागे घ्यावा, याविषयी माझ्या मनात आदर आहे.

परंतु त्याच निकालात अशी अट आली की, नोकराने अन्याय केला एवढ्यावरून शहर जबाबदार नाही. तो शहराच्या धोरणातून किंवा रूढ शिरस्त्यातून घडला, हे वादीने सिद्ध केले पाहिजे. दुसरीकडे, ‘सद्भावनेने वागलो’ या बचावाची ढाल न्यायालयाने १९८० मध्ये शहरांना नाकारली, तरी पोलिसांना मात्र ती १९६७ पासून मिळालेली आहे. म्हणजे असेही घडू शकते की, दार फोडणारा पोलीस त्या ढालीआड सुटतो, त्याचे शहर शिरस्ता सिद्ध न झाल्याने सुटते, आणि ज्याच्या घराचे दार फुटले त्याच्या हाती काहीच पडत नाही. १८७१ च्या कलमाच्या शब्दांत यांपैकी एकही अट नाही. त्या न्यायालयांनी घातल्या आहेत, आणि अमेरिकेच्या काँग्रेसने त्या कायदा करून दूर केल्या पाहिजेत.