लिंबूटिंबूंचा इतिहास

मोठ्यांच्या खेळात लहान पोर घुसलं की आपल्याकडे त्याला लिंबूटिंबू म्हणतात. लिंबूटिंबूला धावण्याची पूर्ण मुभा असते, पण तो बाद झाला तरी बाद होत नाही, आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. थोडक्यात, नव्याने लागलेल्या कारकुनासारखी अवस्था. खुर्ची आहे, टेबल आहे, सहीचा अधिकार मात्र नाही.

अमेरिकेतल्या गोल्फवाल्यांनीही आपल्या पोरांना बरीच वर्षं असंच वागवलं. त्यांची युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन १८९४ साली निघाली. १८९५ साली मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. पोरांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे यू. एस. ज्युनिअर अमॅच्युअर, सुरू व्हायला १९४८ साल उजाडलं. मध्ये गेली त्रेपन्न वर्षं! आमच्याकडे प्रमोशनची फाईलसुद्धा इतकी वर्षं झोपत नाही. तोवर ज्या पोराला हौस असेल त्याने थोरामोठ्यांत जाऊन खेळावं, असा मामला होता. बॉबी जोन्स तसा १९१६ साली वयाच्या चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या स्पर्धेत उतरला. पण प्रत्येक गल्लीत एक बॉबी जोन्स निघत नाही, आणि निघाला तर गल्लीतल्या बाकीच्या मुलांचं घरी जगणं कठीण होतं.

पुढे जाण्याआधी खेळाबद्दल दोन शब्द. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा विटीदांडू. फरक एवढाच की आपण गलीपासून विटी लांब मारतो आणि हे लोक लांबून चेंडू गलीत आणतात. अशा गली अठरा. ह्या स्पर्धेत आधी दोन दिवस सगळे फटके मोजून पहिले चौसष्ट निवडतात, आणि मग एकास एक असे सामने लावतात. ह्या सामन्यात एकूण फटक्यांना किंमत नाही. प्रत्येक होलचा हिशेब त्या होलवरच मिटतो. एखाद्या होलला तुम्ही बारा फटके घेतलेत तरी एकच होल गेला. पुढच्या होलला नवी पाटी. रोजची तेरीज रोज जुळवून वही बंद करण्याची ही पद्धत मला फार पसंत आहे. संसारात ही सोय असती तर कितीतरी भांडणं पुढच्या पानावर ओढली गेली नसती.

निकाल लिहिण्याची रीतही गमतीची. 'चार आणि दोन' असा निकाल वाचून माझ्यासारखा बी. कॉम. मनुष्य लगेच सहा म्हणून मोकळा होतो. पण इथे त्याचा अर्थ, जिंकणारा चार होलांनी पुढे आहे आणि खेळायचे दोनच उरलेत, तेव्हा आता उन्हात उभं राहण्यात अर्थ नाही, घरी चला.

पहिल्याच वर्षी, १९४८ साली, मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर अंतिम सामना झाला आणि त्याचा निकाल नेमका हाच लागला, चार आणि दोन. जिंकला तो डीन लिंड. आता गोल्फ खेळणाऱ्या शंभर लोकांना हे नाव विचारून पाहा. नव्याण्णव जण मान हलवतील आणि शंभरावा म्हणेल, "कोण? बँकेतले का?" त्या दिवशी हरलेल्या मुलाचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तो सॅन फ्रान्सिस्कोचा केन व्हेंचुरी. ह्या स्पर्धेच्या इतिहासाची हीच खरी मौज आहे. जिंकणाऱ्यांची यादी करंडकावर कोरलेली आहे, आणि गोष्टी बहुतेक हरणाऱ्यांच्या आहेत.

हा व्हेंचुरी लहानपणी बोलताना फार अडखळे. चारचौघांत तोंड उघडायला नको, म्हणून त्याने एकट्याने खेळायचा खेळ धरला. १९५६ सालच्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे असताना त्याने ऐंशी फटके घेतले आणि एका फटक्याने हरला. पण १९६४ साली त्याने यू. एस. ओपन जिंकली. तीसुद्धा अशा उन्हात की एका दिवसात छत्तीस होल खेळताना तो कोसळतो की काय असं वाटत होतं आणि डॉक्टर बरोबर चालत होते. आणि पुढे ह्या अडखळणाऱ्या मुलाने केलं काय, तर पस्तीस वर्षं टेलिव्हिजनवर गोल्फचं समालोचन! नियतीलाही विनोदबुद्धी असते, फक्त ती जरा उशिरा दिसते.

उशिरावरून आठवलं. १९५३ साली ओक्लाहोमातल्या सदर्न हिल्सच्या मैदानावर तेरा वर्षांचा एक गुबगुबीत मुलगा पहिल्या फटक्याच्या जागी अगदी शेवटच्या क्षणी पोचला. संघटनेचे जो डे नावाचे कडक गृहस्थ तिथे उभे होते. त्यांनी घड्याळ बघून शांतपणे सुनावलं, की आणखी अर्धा मिनिट उशीर झाला असता तर दुसऱ्या होलपासून सुरुवात करावी लागली असती, तीही एका होलच्या पिछाडीने. मस्टरवर लाल रेघ मारणारे हेडक्लार्क जगात सगळीकडे असतात, हे वाचून मला बरं वाटलं. तो मुलगा जॅक निक्लॉस. पुढे त्याने अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पोरांची ही स्पर्धा मात्र त्याला कधीच जिंकता आली नाही. १९५६ साली उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथे गाडी थांबली. "सहामाहीत नापास म्हणजे आयुष्यात नापास" असं मानणाऱ्या तमाम वडील मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

मुलींची स्पर्धा १९४९ साली, म्हणजे वर्षभराने सुरू झाली. त्रेपन्न वर्षांपुढे एक वर्ष काहीच नाही. तिथे हॉलिस स्टेसी नावाच्या मुलीने १९६९, १९७० आणि १९७१ असं सलग तीनदा अजिंक्यपद मिळवलं. मुलांना हे जमायला पुढे बावीस वर्षं लागली, आणि जमलं तेव्हा त्याचा गाजावाजा मात्र बावीस पटींनी झाला.

ते जमवणारा मुलगा म्हणजे टायगर वुड्स. १९९१, १९९२ आणि १९९३. पहिल्यांदा जिंकला तेव्हा पंधरा वर्षांचा. तिन्ही अंतिम सामने त्याने अगदी काठावर जिंकले. त्यातले दोन तर अठरा होलांत मिटेनात म्हणून एकोणिसाव्यावर गेले. १९९३ सालचा पोर्टलंडचा सामना तर असा, की शेवटचे दोन होल उरलेले आणि समोरचा रायन आर्मर दोन होलांनी पुढे. ह्या अवस्थेला 'डॉर्मी' म्हणतात. म्हणजे ठरलेल्या होलांत तुम्ही आता हरूच शकत नाही. रिटायरमेंटला दोन महिने राहिलेल्या माणसासारखी सुखाची स्थिती. वुड्सने सतरावा घेतला, अठरावा घेतला, आणि एकोणिसाव्यावर सामना संपवला.

वुड्सचं पुढे काय झालं ते सांगायला मी नको. आर्मरचं काय झालं? तो मोठा होऊन व्यावसायिक झाला, खेळत राहिला, आणि २०१७ साली वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पी. जी. ए. टूरवरची पहिली स्पर्धा जिंकला. चोवीस वर्षांनी! त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ साली, वुड्सकडून हरलेला मार्क विल्सन पुढे ह्याच टूरवर पाचदा जिंकला. आणि २०१० साली चौदा वर्षांच्या जिम लिऊने ज्याला अंतिम सामन्यात हरवलं, तो जस्टिन थॉमस पुढे दोनदा पी. जी. ए. चँपियनशिप घेऊन बसला.

पण सगळ्याच हरणाऱ्यांची व्याजासह वसुली होते, असा समज करून घेऊ नये. ह्या स्पर्धेला वयाची अट आहे. आधी अठरा पूर्ण झाली की बाद. २०१७ पासून ती एकोणीस केली. प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम चारपाच उन्हाळे येतात. २०२० साली कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. ज्यांचा तो शेवटचा उन्हाळा होता, त्यांचा डाव न खेळताच संपला. मुदत संपलेल्या ड्राफ्टला निदान पुन्हा मुदत मिळते. वयाला तशी सोय नाही.

आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांचं काय? २०२४ साली मिशिगनमधल्या ओकलंड हिल्सवर टायगर वुड्सचा मुलगा चार्ली ह्या स्पर्धेत उतरला. वय पंधरा, म्हणजे वडिलांनी पहिल्यांदा जिंकली त्याच वयाचा. पहिल्या दिवशी ब्याऐंशी, दुसऱ्या दिवशी ऐंशी. चौसष्टांत नाव नाही. आणि तीन करंडकवाला बाप दोरीपलीकडून नुसता बघतोय. दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या बापांहून तो निराळा दिसला नसणार.

शेवटी वाणिज्य शाखेला जागून थोडा हिशेब. चौसष्ट मुलं सामन्यांत उतरतात. एक जिंकतो. त्रेसष्ट हरतात, आणि प्रत्येक जण बरोबर एकदाच हरतो. त्या एकाला २०१८ पासून पुढच्या वर्षीच्या यू. एस. ओपनमध्ये थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या त्रेसष्टांनी टोपी काढायची, जिंकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, डोळ्यांत पाणी असलं तर ते ऊन लागल्याचं आहे असं दाखवायचं, आणि पिशवी उचलून गाडीकडे चालू लागायचं. सोळाव्या वर्षी हे करायला जे लागतं, ते करंडक उचलायला लागत नाही. ज्याला ते जमलं, त्याला ह्यापुढे कोणी लिंबूटिंबू म्हणू नये.